जीव लावू नका

बालगृहात बाहेरचं माणूस आलं की दोन प्रकारच्या मुली हमखास भेटतात. एक धावत येऊन कमरेला मिठी मारते, ओळखदेख नसताना मांडीवर डोकं ठेवते आणि पहिल्या पाच मिनिटांतच विचारते, 'ताई, परत कधी येणार?' दुसरी जिन्याच्या पायरीवर बसून वहीत काहीतरी लिहीत असते. हाक मारली तर 'हां, बरंय' म्हणते आणि पुन्हा वहीत मान घालते. पाहुणे पहिलीला म्हणतात, किती मायाळू पोर. दुसरीला म्हणतात, किती समंजस. गेली काही वर्षं मी अशा मुलींचे उपचारगट घेते आणि ही दोन्ही कौतुकं ऐकली की माझ्या पोटात कालवाकालव होते.

पहिलीची मिठी तुमच्यासाठी नसते. तुमच्या जागी विजेचं मीटर बघायला आलेला माणूस असता तरी तिनं हेच केलं असतं. ज्या मुलाला लहानपणी एक ठरलेलं माणूस मिळालेलं असतं, ते अनोळखी माणसाला बघून थोडं बिचकतं, आपल्या माणसाच्या मागे लपतं. ज्याला लपायला पाठच मिळाली नाही, त्याला सगळी माणसं सारखीच. आणि दुसरी शांत आहे, कारण हाक मारून कुणी येत नाही हे तिला फार लवकर कळलंय. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात 2013 पासून हे दोन वेगवेगळे विकार म्हणून नोंदले जातात. माझ्या गटातल्या बहुतेक मुली त्यांतल्या कुठल्याच व्याख्येत पूर्ण बसत नाहीत आणि फाइलीवर शिक्का मारायची मला घाईही नसते. माणसावर विसंबायची त्यांची सवय कुठंतरी मोडली आहे, कामाला सुरुवात करायला एवढं पुरतं.

हे बालगृह पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावी आहे. बाल न्याय कायद्याच्या 74 व्या कलमानुसार इथल्या मुलांची ओळख उघड करता येत नाही. कायदा नसता तरी मी ती केली नसती. म्हणून इथे कुणाची नावं नाहीत आणि एकीच्या गोष्टीतले बारकावे दुसरीच्या गोष्टीत मिसळले आहेत.

गटातल्या मुली तेरा ते सतरा वर्षांच्या. एकीचे आईवडील दसरा झाला की टोळीबरोबर ऊसतोडीला जायचे, ती आजीपाशी राहायची. आजी गेली, वडिलांनी दुसरं घर केलं आणि मुलगी बालकल्याण समितीपुढे आली. एक स्टेशनवर सापडलेली. एक शिशुगृहात वाढली. सहा वर्षं पूर्ण झाली तशी तिची इथे बदली झाली आणि धाकटा भाऊ तिथंच राहिला. पुढे तो मुलांच्या बालगृहात गेला. त्या दिवसाबद्दल ती एकच सांगते: 'मला म्हणाले, गाडीत बस, फिरायला जायचंय.' सगळ्यांच्या हकिकती ऐकल्या तर एक गोष्ट सारखी सापडते. त्यांच्या आयुष्यातून जे कुणी गेलं, ते सांगून गेलं नाही. 'उद्या येते' म्हणून गेलं, झोपेत सोडून गेलं, नाहीतर खोटं सांगून गेलं.

इंग्लंडमध्ये 1952 साली जेम्स रॉबर्टसन या समाजसेवकानं दोन वर्षांच्या एका मुलीवर छोटी फिल्म केली. हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी ती आठ दिवस इस्पितळात होती, आणि त्या काळी आईवडिलांना जवळ राहू देत नसत. रॉबर्टसन आणि त्याचा सहकारी जॉन बोल्बी यांनी अशा मुलांच्या वागण्याचे तीन टप्पे मांडले. आधी मूल आकांत करतं, मग खचतं, मग गप्प होऊन खेळू-खाऊ लागतं. हा तिसरा टप्पा आला की परिचारिका म्हणत, रमली बाई. प्रत्यक्षात मुलानं आईची आशा सोडलेली असे. या फिल्मवर डॉक्टर मंडळी तेव्हा चिडली होती. आपल्याकडच्या प्रवेशनोंदींत मी आजही वाचते, 'मुलगी संस्थेत चांगली रुळली आहे.' कधी ते खरंही असतं. पण तेरा वर्षांची मुलगी पहिल्या आठवड्यात एकदाही रडली नाही, जेवणाला नाही म्हणाली नाही, कुणाशी भांडली नाही, असं लिहिलेलं दिसलं की मी तिचं नाव गटाच्या यादीत वर घेते.

गट सुरू करायचा म्हटलं तेव्हा तिथल्या अधीक्षक मॅडमनी विरोध केला होता. 'एकेकीला वेगळं बसवा. सगळ्या एकत्र आल्या तर एकीचं बघून दुसरी बिघडेल.' त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. थॉमस डिशन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999 साली हेच दाखवून दिलं होतं: वर्तनसमस्या असलेल्या किशोरवयीनांना एकत्र बसवलं की काही वेळा ते एकमेकांच्या वाईट वागण्याला हसून दाद देतात आणि समस्या कमी व्हायच्या ऐवजी वाढतात. म्हणून आम्ही गटात दोघी असतो, मी आणि माझी एक समाजकार्य शिकलेली सहकारी. गटात सगळ्याच पळून जाणाऱ्या किंवा सगळ्याच हात कापून घेणाऱ्या मुली ठेवत नाही. 'मी कशी पळाले' याची शौर्यगाथा रंगू लागली की आम्ही ती अडवतो आणि विचारतो, त्या रात्री भूक लागली तेव्हा काय केलंस?

तरीही मी गटाच्या बाजूनं आहे, आणि ठामपणे आहे. बंद दारामागे एक मोठं माणूस आपल्याकडेच बघत बसलंय, ही गोष्ट आपल्याला साधी वाटते. यांतल्या काही मुलींना तेवढ्यानंच घाम फुटतो. एकीला मी सुरुवातीला एकटीला भेटत असे. ती सगळा वेळ टेबलाच्या कडेचा सनमायका नखानं सोलत बसायची. गटात माणसाला अंतर ठरवता येतं. सगळ्यांत मागे बसा, बोलू नका, दुसरीची गोष्ट ऐका आणि आपली मनातच ठेवा, चालतं. अर्व्हिन यालोम यांनी 1970 साली गटोपचारावर जो ग्रंथ लिहिला, त्यात गटानं माणूस कशामुळे बरा होतो याची यादी आहे. आपल्यासारखं आणखी कुणाचंतरी झालंय हे कळणं, हे त्यांतलं एक कारण. आई जिवंत असून न्यायला येत नाही, याची लाज या मुलींना इतकी असते की शाळेत त्या 'आई वारली' असं सांगतात. गटात एकीनं ते कबूल केलं आणि आणखी तिघी म्हणाल्या, 'मी पण तेच सांगते.' हे मी त्यांना कितीही समजावलं असतं तरी पोचलं नसतं.

गुरुवारी साडेचार ते सहा, जेवणाच्या हॉलशेजारची शिवणाची खोली. मशीन झाकून भिंतीला लावायची, निळी सतरंजी टाकायची. वार बदलत नाही, वेळ बदलत नाही, सतरंजी बदलत नाही. एकदा धुवायला गेली म्हणून हिरवी टाकली होती, तर दोघी बसायलाच तयार होईनात. मला ते हट्टाचं वाटलं नाही. ज्यांच्या आयुष्यात काहीच जागेवर राहिलं नाही, त्यांना सतरंजीचा रंग महत्त्वाचा वाटणारच.

सुरुवातीला फेरी असते: आज आतलं हवामान काय? 'ऊन.' 'ढग.' 'पाऊस पण घरात.' एक जण महिनोन्‌महिने एकच उत्तर द्यायची, 'लाइट गेलीय.' मग कधी चित्र, कधी मातीकाम, कधी नुसतं बोलणं, कधी भांडण. शेवटची पंधरा मिनिटं मुलींनी स्वतःच मिळवलेली: खोबरेल तेलाची बाटली, फणी आणि वेण्या. नियमही त्यांचेच. इथलं बोलणं इथंच. हात लावायच्या आधी विचारायचं. उठून जायचं असेल तर सांगून जायचं. यांतला पहिला नियम ठरला तेव्हा मला मध्ये बोलावं लागलं. कुणी मुलीला लैंगिक त्रास देतंय असं कळलं तर पॉक्सो कायद्याच्या 19 व्या कलमाप्रमाणे मला ते पोलिसांना कळवावंच लागतं, गुपित ठेवता येत नाही. हे आधीच सांगितल्यानं मुली बोलत नाहीत, असं काही सहकाऱ्यांचं मत आहे. माझा अनुभव उलटा आहे. या मुलींना फसवणुकीचा वास फार लवकर येतो. ताई आपल्याला नको असलेलंही आधी सांगते, हे त्यांनी नीट ध्यानात ठेवलं.

वेणीचं सांगायलाच हवं. दाराजवळ बसणारी एक मुलगी होती, पाठ भिंतीला, एक चप्पल पायात. इतर मुली साखळी करून बसायच्या, एकीचे केस दुसरी विंचरतेय, दुसरीचे तिसरी. ही बघायची. तिच्या अंगाला कुणी हात लावलेला तिला चालत नसे, तापात कपाळावर पट्टीसुद्धा तीच ठेवायची. भल्या मनाच्या एका पाहुण्या बाई मला म्हणाल्या, 'तिला घट्ट मिठीत घ्या, सुटू देऊ नका, एकदा रडली की मोकळी होईल.' ही कल्पना भाबडी वाटली तरी तिनं जीव घेतलेला आहे. 2000 साली अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात दहा वर्षांच्या दत्तक मुलीला 'पुनर्जन्म' नावाच्या उपचारात चादरीत गुंडाळून दाबून धरलं आणि ती गुदमरून मेली. श्वास घेता येत नाही असं ती सांगत होती. उपचार करणाऱ्या बायकांना पुढे शिक्षा झाली. जबरदस्तीनं माया लावता येते या कल्पनेला मी हयातभर विरोध करीन.

आम्ही काहीच केलं नाही. तेलाची बाटली फिरत दारापर्यंत जायची, 'हवंय का?' असं विचारलं जायचं, 'नको' आलं की बाटली परत फिरायची. बऱ्याच दिवसांनी एका गुरुवारी तिनं बाटली घेतली, सरकत सरकत पुढे आली आणि गटातल्या सगळ्यांत लहान मुलीपुढे पाठ करून बसली. 'घट्ट नको,' म्हणाली. लहानगीनं भांग वाकडा पाडला, दुसऱ्या मुलीनं ते लगेच बोलून दाखवलं, त्यावरून त्या दोघींची जुंपली आणि ही मध्येच ओरडली, 'वाकडाच राहू दे, माझं डोकं हाय!' तिचा एवढा मोठा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

सगळंच असं गोड होत नाही. महिन्यातल्या एका रविवारी नातेवाईक भेटायला येतात. ज्यांचं कुणी येत नाही त्या मुली त्या दिवशी कपडे धुवायला काढतात, म्हणजे फाटकाकडे बघावं लागत नाही. अशाच एका रविवारी एकीनं दुसरीच्या पेटीतला तिच्या आईचा फोटो काढून फाडला. गुरुवारी गट बसला तो नुसता पेटलेला. फोटोवाली म्हणाली, 'हिला काढा, नायतर मी येणार नाय.' फाडणारी बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, 'हिची आई दर टायमाला येते, वर खाऊ आणते, वर ही म्हणते मला आवडत नाय तिचा चिवडा.' पुढे तिला बोलता येईना.

आम्ही माफी मागायला लावली नाही. मागायला लावलेली माफी या मुलींना लहानपणापासून पाठ असते. फोटोच्या तुकड्यांचं काय करायचं, एवढंच विचारलं. कुणीतरी सेलोटेप आणली. फाडणारीनं तुकडे जुळवले, आईच्या गळ्यापाशी एक तुकडा कमीच पडला. फोटोवाली शेवटी म्हणाली, 'मी तुझ्याशी बोलणार नाय. पण ग्रुपला ये.'

एडवर्ड ट्रॉनिक यांनी आई आणि तान्ह्या मुलांच्या बारीक निरीक्षणांतून दाखवलंय की चांगल्या जोडीतसुद्धा सूर सगळा वेळ जुळत नाहीत, वारंवार तुटतात आणि पुन्हा जुळवले जातात. मुलाची भिस्त त्या जुळवण्यावर असते. आमच्या मुलींनी तुटणं भरपूर पाहिलंय. रागावलेलं माणूस रागावलेलंच राहून 'ये' म्हणू शकतं, हे त्यांना नवीन होतं. ते मी सांगितलं नाही, चौदा वर्षांच्या मुलीनं सांगितलं.

आमच्यावरही राग निघतो, आणि तो ठरल्या वेळी निघतो. मे महिन्याची सुट्टी जवळ आली की, किंवा आमच्यातलं कुणी एका गुरुवारी येणार नसलं की. आम्ही भिंतीवरच्या कालनिर्णयवर आधीच खूण करून ठेवतो: या गुरुवारी ताई नाही, या गुरुवारी येणार. खूण केली की पुढच्या वेळी कुणीतरी उशिरा येतं, कुणी पोटात दुखतंय म्हणून येतच नाही. एकदा एकीनं सरळ तोंडावर फेकलं, 'तुम्हाला पगार मिळतो म्हणून येता.' मी म्हटलं, 'मिळतो. आणि गेल्या गुरुवारी तू नव्हतीस तेव्हा आम्ही तुझी विचारपूस केली, ती पगारात नाही.' तिनं शेजारणीकडे पाहिलं. शेजारीण म्हणाली, 'खरंच विचारलं गं. दोनदा.'

वाढदिवस साजरे करायला येणाऱ्यांविषयी मला कळकळीनं सांगायचंय. कुणाच्या तरी मुलाचा वाढदिवस, आजोबांची पंच्याहत्तरी, आईचं वर्षश्राद्ध. जेवण घालतात, केक कापतात, मुलींना जवळ घेऊन फोटो काढतात. हेतू चांगला असतो, जिलबीही चांगली असते. पण तासाभरात मांडीवर बसवून घ्यायचं आणि नंतर कधी तोंड दाखवायचं नाही, हा या मुलींच्या दुखण्याचाच आणखी एक डोस आहे. ज्या दिवशी अशी पंगत होते त्या रात्री अंथरूण ओलं करणाऱ्या लहान मुली वाढतात, असं तिथल्या मावशी सांगतात आणि माझा त्यांच्यावर विश्वास आहे. याच गावातले एक निवृत्त शिक्षक दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी गणित शिकवायला येतात. मिठ्या मारत नाहीत, फोटो काढत नाहीत, थोडे खडूसच आहेत. मुली शुक्रवारीच फळा पुसून ठेवतात.

'आता या वयात काय फरक पडणार?' असं मला नेहमी विचारतात. प्रश्न रास्त आहे. रुमानियात बुखारेस्टमध्ये 2000 च्या सुमारास सुरू झालेल्या अभ्यासात अनाथालयांतली 136 लहान मुलं घेतली आणि चिठ्ठी टाकल्यासारखी त्यांतली निम्मी पालक-कुटुंबांत ठेवली. साधारण दोन वर्षांची व्हायच्या आत जी कुटुंबात गेली त्यांचं नातं जोडणं उशिरा गेलेल्यांपेक्षा चांगलं सुधारलं. हे वाचून माझ्या मुलींची गाडी चुकली असं कुणालाही वाटेल. पण त्याच मुलांना बारा वर्षांची होईपर्यंत बघत राहिल्यावर दिसलं, की ज्यांचं कुटुंब मध्येच बदललं नाही त्यांची मानसिक तब्येत जास्त बरी होती. म्हणजे कधी मिळालं इतकंच टिकलं का, हेही मोजावं लागतं. गटानं आई मिळत नाही. गुरुवारी गुरुवार होतो, एवढंच आम्ही देऊ शकतो.

आणि तो दीड तासाचा. बाकीचा सगळा आठवडा मुली असतात काळजीवाहक मावशींपाशी. म्हणून आम्ही मावशींचाही गट सुरू केला, दुपारी भांडी आवरल्यावर. मला वाटलं होतं मुलींच्या तक्रारी ऐकायला मिळतील. एक मावशी म्हणाल्या, 'मॅडम, नोकरीला लागले तेव्हाच मला सांगितलंय, पोरींना जीव लावू नका. उद्या पोरगी घरी गेली, बदलून गेली, तर तुम्हालाच त्रास. मी एकीला लावला होता. ती अठराची झाली, अनुरक्षणगृहात गेली. मी आठ दिवस जेवले नाय.' बाकीच्यांनी माना हलवल्या. कंत्राटावर, तुटपुंज्या पगारावर, दिवसरात्र पाळीनं राबणाऱ्या या बायकांनी स्वतःला असं जपलं तर त्यांना मी बोल लावणार नाही. पण जीव लावायचा नाही असा शिरस्ता पडला, तर मुली तिथे राहून नक्की काय शिकणार?

त्याच मावशींना पुढे दुसरीकडे काम मिळालं. आधीच्या मावशा पाळी संपवून पिशवी उचलून निघून जायच्या, मुलींना चार दिवसांनी कळायचं. या मावशी गटात आल्या, सतरंजीवर बसल्या आणि महिनाअखेरची तारीख सांगितली. मुली भडकल्या. दाराजवळची, तीच वाकड्या भांगाची, म्हणाली, 'जावा की, कोण अडवतंय,' आणि महिनाभर त्यांच्या हातचं वाढून घेतलं नाही. मावशी दर गुरुवारी येत राहिल्या, शिव्या खात राहिल्या. शेवटच्या दिवशी सगळ्यांचा निरोप झाला, हिनं तोंड फिरवलं.

पुढच्या गुरुवारी हवामानाच्या फेरीत ती म्हणाली, 'मावशींची आठवण येतेय. फोन करायचा.' गटानं तो ठराव करून अधीक्षक मॅडमकडे नेला. मॅडमनी मावशींना विचारलं, मावशी हो म्हणाल्या, आणि रविवारी संध्याकाळी ऑफिसच्या फोनवरून पाच मिनिटांची परवानगी मिळाली. परवानगी एकीला होती. यादीत लगेच सात नावं चढली, पाच मिनिटं सात जणींत कशी वाटायची यावरून भांडण लागलं, आणि तो सबंध गुरुवार आम्ही त्याच हिशेबात घालवला.